कुत्र्यांची गाडी बोलावण्याआधी

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या आठ वर्षांच्या एका मुलाला कुत्रा चावला. सकाळी साडेसहाला तो दुधाची पिशवी आणायला नाक्यावर गेला होता. चिकनच्या दुकानामागे पिसे, आतडी, कोंबड्यांचे पाय असे सगळे उघड्यावर टाकलेले असते. तिथे पाच-सहा कुत्री तोंड घालून होती. मुलगा त्यांच्या जवळून पळत निघाला आणि एकाने त्याची पोटरी धरली. दोन दात खोल रुतले. घरी आजी एकटीच होती. तिने लहानपणापासून जे पाहिले तेच केले, चुना आणि तिखट कालवून जखमेत भरले आणि वरून फडके बांधले. आई एका मोठ्या इमारतीत साफसफाईला जाते, ती पहाटे पाचलाच बाहेर पडलेली. संध्याकाळी ती परत आली तोवर दवाखाना बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी खाडा करून ती मुलाला घेऊन गेली. लस मिळाली, पण जखमेत द्यायचे सिरम तिथे नव्हते. केसपेपरवर मोठ्या हॉस्पिटलचे नाव लिहून दिले. तिथे दुपारपर्यंत रांगेत उभे राहिल्यावर ते मिळाले. नर्सबाईंनी चुना धुऊन काढला तेव्हा त्या पोराचे ओरडणे व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होते. आमच्यातल्या दोघी सोबत होत्या.

मुलगा आज बरा आहे. पण चौथ्या सुईच्या वेळी, म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशी, आई म्हणाली, “जखम तर केव्हाच भरली, आता कशाला आणखी एक खाडा?” तिला समजावून न्यावे लागले. त्या दिवसाची मजुरी महिला मंडळाने भरून दिली.

मूल चावल्याच्या पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर लोक थांबले. तरुण पोरे तापलेली होती. एकाचे म्हणणे, भाकरीतून औषध घालू, आठ दिवसांत मोकळे होऊ. दुसऱ्याचे म्हणणे, पालिकेची गाडी बोलवू आणि सगळी कुत्री उचलून लांब डम्पिंगवर सोडायला लावू. दोन-तीन बाया म्हणाल्या, आमच्या गल्लीतली उचलायची नाहीत. रात्री संडासला जाताना तीच सोबत येतात आणि परका माणूस गल्लीत शिरला तर आधी त्यांनाच कळते. मग कोपऱ्यात बसलेले एक आजोबा बोलले. पालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले. उमेदीच्या वयात काही वर्षे ते कुत्र्यांच्या गाडीवर होते, जेव्हा ती गाडी कुत्री मारायलाच नेत असे. ते एवढेच म्हणाले, “रोज गाडी भरून न्यायचो रे. पुढच्या वर्षी त्याच नाक्यावर तेवढीच कुत्री. फक्त तोंडं नवी.”

आजोबांचे म्हणणे आम्हाला पटते. ‘कुत्री उचला’ ही मागणी ऐकायला जोरदार वाटते, पण तिच्यातून वस्तीच्या हाती काही येत नाही. आपण मागायला हवे ते वेगळे आहे. गल्लीतल्या कुत्र्यांना दरवर्षी लस, चावलेल्या माणसाला जवळच्याच दवाखान्यात लस आणि सिरम दोन्ही, आणि नाक्यावरचा कचरा रोजच्या रोज उचलणे. पहिली मागणी केली की पालिका एकदा गाडी पाठवते, दोन-चार कुत्री उचलते आणि प्रश्न संपला म्हणून कागद बंद करते. नंतरच्या तीन मागण्या पालिकेला जड जातात, कारण त्या वर्षभर पुरवाव्या लागतात.

कुत्री मारून पाहण्याचा प्रयोग आपल्याकडे फार जुना आहे. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालवली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. त्यानंतरही मारणे थांबले नाही. १९९० च्या दशकापर्यंत मुंबई महापालिका पकडलेली कुत्री विजेचा धक्का देऊन मारत असे. एवढी वर्षे मारूनही मुंबईतली कुत्री संपली नाहीत आणि रेबीजही संपला नाही. याचे कारण गूढ नाही. कुत्रा राहतो तो अन्नावर. नाक्यावर दहा कुत्र्यांना पुरेल एवढी घाण रोज पडत असेल तर तिथे दहा कुत्री राहतील. ती दहा नेली तर शेजारच्या वस्तीतली येतील. मादी वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, दोन महिन्यांत विते आणि एका वेतात चार-सहा पिले होतात. जुनी कुत्री निदान गल्लीतल्या माणसांना ओळखत होती. नवी आलेली ओळखत नाहीत, आपसांत भांडतात, आणि त्या भांडणात सापडते ते पोर.

म्हणून कायद्याने दुसरा रस्ता धरला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली २००१ साली कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम झाले आणि मार्च २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. या नियमांचा गाभा असा की कुत्रा पकडायचा, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची आणि ज्या जागेवरून उचलला त्याच जागी आणून सोडायचा. सहा महिन्यांच्या आतली पिले नसबंदीसाठी पकडायची नाहीत. पिसाळल्याचा संशय असलेला कुत्रा मात्र वेगळा ठेवायचा, तो परत सोडायचा नाही. ही सगळी जबाबदारी स्थानिक संस्थेची, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीची. तेव्हा ‘आमच्याकडे कुत्र्यांचे काम येत नाही’ असे खिडकीवरचा बाबू म्हणाला तर तो चूक सांगतो आहे, हे ध्यानात ठेवावे.

हे नियम रस्त्यावरच्या कुत्र्याला ‘भटका’ म्हणत नाहीत, ‘समुदायातला प्राणी’ म्हणतात. शब्द चांगला आहे. पण समुदाय म्हणताना नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा सोसायटी होती. कुत्र्यांना खायला घालण्याची जागा आणि वेळ ठरवण्याचे काम त्यांनी रहिवासी संघाकडे, फ्लॅटमालकांच्या संघटनेकडे किंवा त्या भागातल्या स्थानिक संस्थेच्या प्रतिनिधीकडे दिले आहे. आपल्या वस्तीत फ्लॅटही नाहीत आणि त्यांची संघटनाही नाही. उरतो पालिकेचा प्रतिनिधी, आणि तो या कामासाठी आमच्या गल्लीत आलेला आम्ही तरी अजून पाहिलेला नाही. नियमात हेही लिहिले आहे की मुलांची खेळायची जागा, जिने आणि येण्या-जाण्याची दारे सोडून खायला घालावे. दहा बाय बाराच्या खोल्यांच्या वस्तीत यातली कोणती जागा मोकळी उरते ते नियम लिहिणाऱ्यांनी येऊन दाखवावे.

२०२५ साली हा विषय सर्वोच्च न्यायालयात पेटला. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा, परत सोडू नका, असा आदेश दिला. देशभर ओरड झाली. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला. नसबंदी आणि लस झालेली कुत्री त्याच जागी सोडा, फक्त पिसाळलेली किंवा आक्रमक असलेली ठेवून घ्या, आणि रस्त्यात कुठेही खायला घालू नका, प्रत्येक वॉर्डात त्यासाठी जागा नेमा, असे सांगितले आणि प्रकरणाची व्याप्ती देशभर नेली. ७ नोव्हेंबरला आणखी एक आदेश आला. शाळा-कॉलेज, हॉस्पिटले, क्रीडासंकुले, एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशन यांच्या आवारातली कुत्री उचलून, नसबंदी आणि लस करून निवाऱ्यांत न्यायची आणि तिथे परत सोडायची नाहीत.

शाळा आणि हॉस्पिटलच्या आवारात कुत्री नसावीत हे कुणालाही पटेल. आपली मुले त्याच पालिकेच्या शाळांत जातात. आमची शंका दुसरी आहे. हे निवारे उभे राहणार कुठे?

जरा हिशोब करून पाहू. २०१९ च्या पशुगणनेत देशात भटकी कुत्री सुमारे १ कोटी ५३ लाख मोजली गेली, त्यांतली पावणेतेरा लाखांच्या आसपास महाराष्ट्रात. मुंबईत २०२४ च्या पाहणीत साधारण ९० हजार निघाली. एका कुत्र्याच्या खाण्याला दिवसाला पंचवीस रुपये धरले, आणि हे कमीच धरले, तरी ९० हजार कुत्र्यांना दिवसाचे साडेबावीस लाख आणि वर्षाचे ८२ कोटी होतात. यात डॉक्टर नाही, पाणी नाही, भाडे नाही, पिंजरा धुणाऱ्याचा पगार नाही. शिवाय एका जागी शेकडो कुत्री कोंबली की त्यांना आपसांत रोग लागतात, ती भांडतात आणि रात्रभर भुंकतात. हे सगळे सोसायला पालिका जागा शोधेल ती मलबार हिलवर नव्हे. शहराने नको म्हटलेली गोष्ट आजवर कुणाच्या दारात आणून टाकली गेली ते आपल्याला ठाऊक आहे. देवनारची कचराभूमी १९२७ पासून तिथे आहे, आणि तिच्या कडेने गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्या कुणाच्या आहेत ते वेगळे सांगायला नको. कत्तलखाना, कचरा, मैला, आणि आता कुत्र्यांचा निवारा. तेव्हा आपल्या भागात निवारा येणार असे कानावर आले तर तिथे किती कुत्री ठेवणार, सांडपाणी कुठे जाणार, डॉक्टर रोज येणार का, हे आधी लेखी विचारावे. आजारी, म्हातारी, गाडीखाली आलेली किंवा चावरी निघालेली कुत्री ठेवायला छोटा आणि नीट चालणारा निवारा हवाच, त्याला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो गोदामाला.

याच जागी एक कडू गोष्ट बोलायला हवी. आमच्या वस्तीच्या तोंडाशी रोज रात्री एक मोटार थांबते. पलीकडच्या टॉवरमधल्या बाई डिकी उघडून पत्रावळीवर भात आणि कोंबडीचे तुकडे मांडतात. वीस-पंचवीस कुत्री जमतात. आम्ही एकदा विचारले, तुमच्या इमारतीखाली का घालत नाही? बाई खऱ्या बोलल्या, “सोसायटी घालू देत नाही.” म्हणजे दया त्यांची आणि चावा आमचा. बाईंचे मन वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी स्वतःच्या पैशाने चार कुत्र्यांची नसबंदी करून घेतली आहे, तेवढे काम वॉर्डाने आमच्या गल्लीत आजवर केलेले नाही. पण जिथे रात्री कामावरून परतणाऱ्या बायका उतरतात आणि पहाटे मुले शाळेच्या बसची वाट पाहतात, तिथे पंचवीस कुत्री गोळा करणे ही करुणा नव्हे. आता न्यायालयानेच जागा नेमायला सांगितली आहे. बाईंनी आणि आम्ही मिळून वॉर्डाकडे जागा मागावी असे आम्ही त्यांना सुचवले आहे. पाहू.

कुत्र्याच्या हक्काची भाषा ऐकली की आपल्या माणसाच्या कपाळाला आठी पडते, आणि ती उगाच पडत नाही. चवदार तळ्यावर जनावरांना पाणी प्यायला मनाई नव्हती, आपल्या बापजाद्यांना होती. १९३१ साली मणिभवनात गांधीजींना भेटले तेव्हा, जिथे आम्हाला कुत्र्या-मांजरापेक्षाही हीन वागवले जाते ती भूमी माझी कशी म्हणू, या अर्थाचे बाबासाहेब बोलले होते. हे ज्याच्या रक्तात आहे त्याला प्राणिप्रेमाची व्याख्याने पटकन गोड लागणार नाहीत. पण त्या तळ्यावरचा गुन्हा जनावरांचा नव्हता. बावीस प्रतिज्ञा घेताना प्राणिमात्रांवर दया करीन असे आपणही म्हटलेले आहे, आणि ते म्हणायला कुणी टॉवरवाल्याने आपल्याला शिकवले नाही.

भाकरीतून औषध घालण्याचे बोलणाऱ्या पोरांसाठी दोन शब्द. विष घालून प्राणी मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत होऊ शकते. टॉवरमधल्या कुणी घातले तर पोलीस चौकशी करत बसतील. वस्तीतल्या पोराचे नाव आले तर त्याच रात्री उचलतील. पोलीस भरतीचे, रेल्वेचे फॉर्म भरून बसलेल्या पोरांनी हा धोका ओळखावा. शिवाय तोच विषारी तुकडा गटाराच्या कडेला खेळणाऱ्या रांगत्या मुलाच्या हाती लागू शकतो.

आता रेबीजविषयी, कारण कुत्र्याचा सगळा प्रश्न शेवटी इथे येऊन थांबतो. एकदा लक्षणे सुरू झाली की या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि चावल्यावर वेळेत उपाय केला तर तो जवळजवळ नेहमी टाळता येतो. असा दुसरा रोग क्वचितच असेल. जगात दरवर्षी अंदाजे ५९ हजार माणसे याने मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार त्यांतली ३६ टक्के भारतात, आणि आपल्याकडच्या नोंदींत ३० ते ६० टक्के बळी पंधरा वर्षांखालची मुले. मुले चावा घरी सांगत नाहीत, मार बसेल म्हणून लपवतात. म्हणून मुलांना आधी हे सांगावे की कुत्रा चावला तर कुणी रागावणार नाही, लगेच सांगायचे.

चावल्याबरोबर पहिले औषध आपल्या घरात आहे, ते म्हणजे साबण आणि पाणी. नळाखाली किंवा तांब्याने धार धरून, साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुवायची. पंधरा मिनिटे म्हणजे खरोखर पंधरा, घड्याळ लावून. आमच्याकडे नळाला पाणी येते ती वेळ ठरलेली असते, तरी पिण्याच्या हंड्यातले वापरा, त्या वेळी हंड्याकडे पाहू नका. तास-दोन तास उशीर झाला तरीही धुवा. नंतर आयोडीनचे औषध असेल तर लावा. चुना, तिखट, हळद, तेल, रॉकेल, तपकीर यांतले काही नाही, आणि पट्टीही घट्ट बांधायची नाही. टाकेही सहसा घालत नाहीत. मंत्र मारणाऱ्याकडे, गंडा बांधणाऱ्याकडे जाण्यात गेलेला दिवस परत मिळत नाही.

मग दवाखाना, त्याच दिवशी. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही भीती अजून गेलेली नाही. ती जुनी लस बंद होऊन वीस वर्षे झाली. आता दंडावर कातडीत देतात, चावल्यानंतर पहिल्या सुईचा दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत दिली तर चौदाव्या दिवशी आणखी एक. सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांत ती मोफत मिळते. गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला, तान्ह्या बाळाला, सगळ्यांना चालते. काही खायचे-प्यायचे पथ्य नाही.

सिरमचे मात्र समजून घ्या, कारण इथेच गरीब माणूस फसतो. कुत्रा चाटला पण कातडी धड आहे, तर धुणे पुरते. रक्त न येता नख लागले किंवा दात घासला, तर धुणे आणि लस. रक्त आले, मांस फाटले, किंवा फुटलेल्या कातडीवर, ओठा-डोळ्यावर लाळ लागली, तर धुणे, लस आणि त्याशिवाय रेबीजचे सिरम, जे जखमेत आणि तिच्याभोवती टोचतात. लस शरीराला लढायला शिकवते, त्याला काही दिवस लागतात. ते दिवस सिरम राखते. चेहरा, मान, हात यांवरचा चावा अधिक घातक, कारण तिथून मेंदूचा रस्ता जवळ. पहिल्या दिवशी सिरम मिळाले नाही तर पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत घ्यावे लागते, त्यानंतर देत नाहीत. म्हणून ‘सुई दिली, झाले’ असे कुणी सांगितले आणि जखमेतून रक्त आले होते, तर तिथून हलू नका. ‘सिरम लागेल का आणि कुठे मिळेल’ हे विचारा आणि केसपेपरवर लिहून घ्या. तो केसपेपर फेकू नका. पूर्ण कोर्स झालेल्या माणसाला पुन्हा चावा झाला तर फक्त दोन सुया लागतात, सिरम लागत नाही, पण त्यासाठी पहिला कोर्स झाल्याचा कागद दाखवता आला पाहिजे.

कुत्रा दहा दिवस पाहत राहायचे, मेला तर लस घ्यायची, असे अजून पुष्कळ लोक करतात. पाहायचे जरूर, पण लस सुरू करून. पिलू चावले, घरचे पाळलेले चावले, मांजर किंवा माकड चावले, तरी हेच. घरच्या उंदराने कुरतडले तर रेबीजची लस सहसा लागत नाही, धनुर्वाताची लागू शकते, तेव्हा डॉक्टरांना दाखवावे. आणि कुत्रा विनाकारण दिसेल त्याला चावत सुटला, जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, आवाज बसला आहे, मागचे पाय लटपटतात, किंवा उलट अंधाऱ्या कोपऱ्यात गप्प पडून आहे, तर मुलांना दूर करून पालिकेला कळवा. स्वतः काठी घेऊन मागे लागू नका.

माणसाला लस देणे म्हणजे आग लागल्यावर पाणी मारणे झाले. आग लागूच नये यासाठी कुत्र्याला लस हवी. आपल्या शेजारच्या गोव्याने हे करून दाखवले आहे. २०१४ च्या सुमारास तिथे सरकार आणि मिशन रेबीज यांनी मिळून जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरायला सुरुवात केली. कुत्रा धरायचा, लस टोचायची, अंगावर रंगाची खूण करायची आणि तिथल्या तिथे सोडून द्यायचा. बरोबरीने शाळांत मुलांना शिकवले. दरवर्षी हे चालू ठेवले आणि २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. कुत्री हटवून नव्हे, कुत्री जागेवर ठेवून. दहापैकी सात कुत्र्यांना लस मिळालेली असली की रोग पुढे सरकायला वाट उरत नाही, हा त्यामागचा हिशोब. केंद्र सरकारनेही २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्याचा आराखडा २०२१ मध्ये जाहीर केला आहे. एक फसगत लक्षात ठेवावी. कानाला खाच म्हणजे नसबंदी झाली आणि त्या वेळी लस मिळाली, एवढाच अर्थ. लसीचा जोर साधारण वर्षभर धरतात. चार वर्षांपूर्वी खाच पडलेल्या कुत्र्याला त्यानंतर कुणी सुई टोचली नसेल तर त्या खाचेवर विसंबून चालत नाही. आमच्या मुलाला चावलेल्या कुत्र्याच्या कानाला खाच होती.

जाळी घेऊन कुत्र्यामागे धावणारे, पिंजरे धुणारे, पहाटे चारला झाडू घेऊन निर्मनुष्य रस्त्यावर उतरणारे हात कुणाचे असतात? बहुतेक आपलेच, आणि बहुतेक कंत्राटी. अशा लोकांना चावा होण्याआधीच रेबीजची लस देता येते आणि द्यायला हवी. निवाऱ्यांवर, वकिलांवर, आदेशांवर एवढी चर्चा झाली, तीत या कामगारांच्या लसीविषयी आम्ही एक ओळ वाचली नाही. सर्वोच्च न्यायालयाने आलेल्या श्वानप्रेमींना प्रत्येकी २५ हजार आणि संस्थांना २ लाख रुपये भरायला सांगितले, तेही लोकांनी भरले. चावा घेतलेल्या कंत्राटी झाडूवाल्याच्या वतीने तिथे कोण उभे होते कुणास ठाऊक. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये चाव्याला दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १० हजार रुपये भरपाई ठरवली. तसे आपल्याकडे मागायला आपल्या युनियनांनी एकदा मनावर घ्यावे.

विहारातल्या त्या बैठकीनंतर आम्ही काय केले ते सांगून थांबतो. विष आणि गाडी दोन्ही मागे पडले, पण सहज नाही. दोन बैठका लागल्या आणि एक जण अजून आमच्याशी नीट बोलत नाही. महिला मंडळाच्या चौघी आणि दहावी झालेली दोन मुले वहीत गल्लीवार कुत्री मोजत फिरली. सदतीस निघाली, खाच असलेली नऊ. ही वही जोडून वॉर्ड ऑफिसला अर्ज दिला की या सदतीसही कुत्र्यांना लस द्या, खाच नसलेल्यांची नसबंदी करा आणि इथेच परत आणून सोडा. वीस दिवस उत्तर नाही. मग माहितीच्या अधिकारात विचारले की गेल्या वर्षी या वॉर्डात किती कुत्र्यांची नसबंदी झाली, किती जणांना नुसती लस दिली, आणि आमच्या दवाखान्यात सिरमचा साठा कधीपासून नाही. त्यानंतर दहा दिवसांत गाडी आली. दोन दिवसांत एकोणतीस कुत्र्यांना लस टोचली, अकरा मादी नसबंदीला नेल्या. त्यांतल्या दहा परत आल्या. अकरावी कुठे आहे हे आम्ही लेखी विचारले आहे, कारण ती ज्या बाईच्या दारात झोपायची ती रोज येऊन विचारते.

सिरम अजून आमच्या दवाखान्यात आलेले नाही. आठवड्यातून दोन दिवस तरी ठेवू, असे तोंडी सांगितले आहे, लेखी नाही. चिकनच्या दुकानामागची घाणही तशीच आहे. दुकानदार आपल्याच ओळखीचा आहे, म्हणतो की पालिकेची गाडी दुपारी येते आणि माझा माल सकाळी कापला जातो, तोवर मी पिसे कुठे ठेवू? झाकणाचा पिंप त्याने घ्यायचा आणि गाडीची वेळ सकाळची करून घ्यायची, असा मेळ घालायचा प्रयत्न चालू आहे. त्या अर्जावर सह्या येत्या रविवारी विहारात होतील.